कोच घरी येतो तेव्हा आई काय विचारते

६ फेब्रुवारी २०१३. फ्लोरिडातल्या प्लँटेशन गावचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा अ‍ॅलेक्स कॉलिन्स त्या दिवशी एका कागदावर सही करणार होता. कागद आर्कान्सा विद्यापीठाचा. सही झाली की हा मुलगा तिथल्या संघातून फुटबॉल खेळणार आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च विद्यापीठ उचलणार. मात्र खेळाडू एकवीस वर्षांच्या आतला असेल, तर त्याच्या सहीखाली आईची, वडिलांची किंवा पालकाची सहीही लागायची. त्या दिवशी ती झालीच नाही. आई सही न करता निघून गेली. पोरगा घराजवळ मायामीत राहावा अशी तिची इच्छा होती, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी सही केली आणि मुलगा दीड हजारावर किलोमीटर लांब गेला.

या प्रसंगावरून त्या माउलीची देशभर टिंगल झाली. मला मात्र त्यात एक गंभीर प्रश्न दिसतो. कॉलेज निवडण्यात आईबापांचा वाटा नेमका किती असतो, आणि घर कृष्णवर्णीय असेल तर त्या वाट्याचं स्वरूप बदलतं का? संशोधकांनी या प्रश्नाला वेगवेगळ्या बाजूंनी हात घातला आहे. उत्तर एका ओळीत सांगता येण्यासारखं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबोडका चेंडू हातात धरून पळायचं, फेकायचं, समोरच्याला आडवं पाडायचं, असा तो खेळ. त्याच्या व्यावसायिक संघांना खेळाडू पुरवतात ती विद्यापीठं. म्हणून बारावीतल्या चांगल्या खेळाडूमागे एकाच वेळी वीस-पंचवीस विद्यापीठं लागलेली असतात. कोच शाळेत येतो, मैदानावर येतो आणि शेवटी घरी येतो. सोफ्यावर बसतो, जेवतो, आजीची चौकशी करतो. समोर सतरा वर्षांचा मुलगा असला, तरी कोच बोलत असतो तो बहुतेक वेळा आईशी. घरात कोणाचं मन वळवायचं, हे मुरलेल्या कोचला बरोबर ठाऊक असतं.

आता हा प्रभाव मोजायचा कसा? एक वाट अर्थशास्त्राची. २००८ मध्ये ड्यूमंड, लिंच आणि प्लॅटेनिया या तिघांनी एक गणिती प्रतिमान मांडलं. मुलाला कोणकोणत्या विद्यापीठांचं बोलावणं आहे, ती घरापासून किती लांब आहेत, संघ कितव्या क्रमांकावर आहे, स्टेडियम केवढं आहे, असे तपशील घालून मुलगा कुठे जाईल याचा अंदाज बांधायचा. तो अंदाज साधारण ७० टक्के वेळा बरोबर आला. अनेक पर्यायांतून एक अचूक ओळखायचा, तर हे यश मोठंच म्हणायला हवं. अंतराचं वजन त्यात ठळक दिसलं. इतर गोष्टी सारख्या असतील तर मुलं घराजवळचं कॉलेज धरतात.

पण अंतर म्हणजे आई नव्हे. घराजवळ राहण्यामागे आईचा आग्रह असेल, मैत्रीण असेल, गावातली लोकप्रियता असेल किंवा थंडीची भीती असेल. आकड्याला हे वेगळं करता येत नाही. म्हणून दुसरी वाट मुलाखतींची. क्लेनोस्की आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये फुटबॉल खेळाडूंना शिडी चढल्यासारखे प्रश्न विचारले. हे कॉलेज का? घराजवळ आहे म्हणून. घराजवळ असणं महत्त्वाचं का? घरचे सामना बघायला येतील म्हणून. ते आले की काय होतं? अशा पायऱ्या चढत गेलं की वरवरच्या कारणाखालून सुरक्षितता, आपलेपणा, काहीतरी करून दाखवल्याचं समाधान अशी मूल्यं वर येतात. कुटुंब तिथे दिसतं, आणि आकड्यांपेक्षा स्पष्ट दिसतं. तरीही एक अडचण राहतेच. सतरा वर्षांच्या मुलाला ‘निर्णय कोणी घेतला?’ असं विचारलं तर तो ‘मीच’ म्हणतो, आणि त्याच्या आईला विचारलं तर वेगळीच कहाणी ऐकू येण्याची शक्यता असते.

वंशाचा मुद्दा आला की गुंता आणखी वाढतो, कारण अमेरिकेत वंश, उत्पन्न, आईबापांचं शिक्षण आणि राहण्याचं ठिकाण एकमेकांत विणलेलं आहे. अ‍ॅनेट लरू या समाजशास्त्रज्ञ बाईंचं काम इथे उपयोगी पडतं. त्यांनी ८८ मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि त्यातल्या १२ घरांत तर घरचं माणूस असल्यासारखं वावरून निरीक्षण केलं. मध्यमवर्गीय आईबाप, गोरे असोत वा कृष्णवर्णीय, शिक्षकाला आणि डॉक्टरला न बिचकता प्रश्न विचारतात, आपल्या मुलासाठी नियम वाकवून घेतात. कष्टकरी घरांत प्रेम तेवढंच असतं, पण ‘साहेबांना जास्त कळतं’ म्हणून माणसं गप्प बसतात. वाढवण्याच्या पद्धतीतला फरक वंशापेक्षा वर्गाने जास्त ठरतो, असं त्यांना दिसलं. हाच नियम सोफ्यावर बसलेल्या कोचला लावून पाहा. काही घरांत तो पाहुणा असतो, तर काही घरांत उमेदवार.

म्हणजे सगळा वर्गाचाच खेळ, वंशाचं काही नाही? मला हे पटत नाही. एक प्रश्न असा आहे की तो कृष्णवर्णीय घराला, घर कितीही सुखवस्तू असलं तरी, विचारावाच लागत आला आहे: ‘माझ्या मुलाला कोणत्या जागेवर खेळवणार?’

१९७० मध्ये लॉय आणि मॅकएल्व्होग यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संघातल्या जागांकडे त्यांनी जाळ्यासारखं पाहिलं. मधल्या जागेवरच्या खेळाडूकडून डाव हलतो, तो इतरांना सांगतो, इतर त्याच्याकडे पाहतात. क्वार्टरबॅक ही अशी मधली जागा. कडेच्या जागांवर वेग आणि ताकद लागते, पण निर्णय कमी. त्यांना आढळलं की मधल्या जागा गोऱ्यांनी भरलेल्या आणि कृष्णवर्णीय खेळाडू कडेला साठलेले. शाळेत क्वार्टरबॅक असलेला कृष्णवर्णीय मुलगा कॉलेजात गेला की त्याला रिसीव्हर किंवा कॉर्नरबॅक अशा कडेच्या जागेवर टाकत. ‘पाय चांगले आहेत’ असं म्हणत. डोक्याबद्दल कोणी बोलत नसे.

हे खेळाडूच्या कुवतीमुळे होत होतं की पाहणाऱ्याच्या नजरेमुळे? याची जणू नैसर्गिक चाचणीच लुइझियानात चालू होती. तिथलं ग्रॅम्बलिंग हे कृष्णवर्णीयांचं कॉलेज. एडी रॉबिन्सन तिथे १९४१ ते १९९७ कोच होते. ४०८ विजय त्यांच्या नावावर आहेत आणि दोनशेहून अधिक खेळाडू त्यांनी व्यावसायिक संघांना दिले. अख्खा संघच कृष्णवर्णीय, तेव्हा क्वार्टरबॅकही कृष्णवर्णीयच. तिथल्या जेम्स हॅरिसने १९६९ मध्ये बफेलोच्या व्यावसायिक संघाकडून हंगामाचा पहिलाच सामना क्वार्टरबॅक म्हणून सुरू केला. तिथलाच डग विल्यम्स जानेवारी १९८८ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला आणि सामन्याचा मानकरीही. निवडणारी नजर बदलली तेव्हा ‘नसलेली’ कुवत हजर झाली. विज्ञानात तुलनेला इतका स्वच्छ गट क्वचित मिळतो.

हा इतिहास पाठीशी घेऊनच लमार जॅक्सनची आई बोलणी करायला बसली होती. फ्लोरिडातला हा मुलगा आठ वर्षांचा असताना वडील गेले. आईने एकटीने वाढवलं, अंगणात त्याच्याकडून सराव करून घेतला. कॉलेजांचे कोच यायला लागले तेव्हा त्यातल्या काहींच्या डोक्यात त्याला दुसऱ्या जागेवर हलवायचा विचार होता. आईची अट एकच होती: माझा मुलगा क्वार्टरबॅक म्हणूनच खेळेल. लुईव्हिल विद्यापीठाचे कोच बॉबी पेट्रिनो यांनी तिला तसा शब्द दिला आणि मुलगा तिकडे गेला. २०१६ मध्ये त्याला कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च हाइझमन सन्मान मिळाला. तो मिळवणारा सर्वांत तरुण खेळाडू तोच. तरीही २०१८ मध्ये व्यावसायिक निवडीच्या वेळी बिल पोलियन यांच्यासारख्या नावाजलेल्या जाणकाराने त्याला रिसीव्हर व्हायचा सल्ला दिला. तो ३२व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे २०१९ व २०२३ मध्ये व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, क्वार्टरबॅक म्हणूनच.

या आईचा प्रभाव संशोधकाच्या तक्त्यात कुठे दिसेल? कुठेच नाही. खेळाडूंच्या नोंदीत उंची, वजन, शाळा आणि गुणवत्तेसाठी मिळालेले तारे असतात. घरातून कोणता प्रश्न विचारला गेला, याचा रकाना नसतो. मला वाटतं, या विषयातल्या बऱ्याच अभ्यासांची खरी उणीव इथे आहे.

जागेच्या प्रश्नाआधी एक जुना प्रश्न होता: पोरगा तिथे सुखरूप राहील ना? केंटकी विद्यापीठाने १९६० च्या दशकाच्या मध्यात नेट नॉर्थिंग्टन आणि ग्रेग पेज या दोघांना घेतलं. दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या बड्या क्रीडा-संघटनेत, साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, तोवर एकही कृष्णवर्णीय फुटबॉलपटू नव्हता. दोघे एकाच खोलीत राहत. ऑगस्ट १९६७ मध्ये सरावात पेजच्या मानेला जबर दुखापत झाली, शरीर लुळं पडलं आणि २९ सप्टेंबरला तो वारला. दुसऱ्याच दिवशी नॉर्थिंग्टन मैदानात उतरला आणि त्या संघटनेत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ठरला. खोलीतली दुसरी खाट रिकामी होती. काही आठवड्यांनी त्याने केंटकी सोडलं. जाताना मात्र त्याने विल्बर हॅकेट आणि ह्यूस्टन हॉग या दोन धाकट्या सोबत्यांना थांबायला सांगितलं, आणि ते थांबले. पुढची कित्येक वर्षं कृष्णवर्णीय घरांत ‘लांब पाठवू नकोस’ असं कोणी म्हणालं असेल, तर त्यामागे असा ठोस अनुभव होता. नकाशावरचं तेच अंतर प्रत्येक घराला सारखं वाटत नाही. प्रतिमानात ते किलोमीटर म्हणून घालणं म्हणूनच अपुरं पडतं.

आईबापांच्या हस्तक्षेपाकडे लोक कसं बघतात, तेही पाहायला हवं. २०१० मध्ये कॅम न्यूटन या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाकडे मुलासाठी पैशांची बोलणी केल्याचं उघड झालं. मुलाला याची कल्पना नव्हती, असं धरून त्याला खेळू दिलं, पण २०१२ मध्ये कॉलेज खेळांच्या नियमांतल्या ‘एजंट’ शब्दाची व्याख्या रुंदावून घरच्यांनाही त्यात ओढलं गेलं. तेव्हा खेळाडूसाठी असे पैसे मागायला बंदी होती, म्हणजे नियम मोडला होता हे खरं. दुसरीकडे न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या आर्च मॅनिंगची निवड पाहा. आजोबा आणि दोन काका नामांकित क्वार्टरबॅक. कुटुंबाने कोचांच्या भेटी, पत्रकार, सगळं शांतपणे हाताळलं. जून २०२२ मध्ये टेक्सास विद्यापीठ ठरलं आणि घरच्यांच्या शहाणपणाचं कौतुक झालं. ते कौतुक योग्यच होतं. या दोन गोष्टींत पैसा, ओळखी आणि नियमभंग असे अनेक फरक आहेत, तेव्हा केवळ रंगाने हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण एका आईने सही नाकारली तर तमाशा आणि दुसऱ्या घराने दार लावून घेतलं तर संयम, ही नजर मला खुपते.

विचारायचे प्रश्न खरं तर बरेच आहेत. शॉन हार्पर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सहा बड्या संघटनांतल्या ७६ विद्यापीठांचे आकडे मांडले. तिथल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलगे २.८ टक्के, पण फुटबॉल संघांत ५७.१ टक्के. सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सगळ्या विद्यार्थ्यांत ७२.८ टक्के, सगळ्या खेळाडूंत ६६.९ टक्के आणि कृष्णवर्णीय खेळाडू मुलग्यांत ५०.२ टक्के. व्यावसायिक संघ तर शंभरातल्या जेमतेम दोघांना निवडतात. म्हणजे सोफ्यावर दिलेल्या शब्दांतला पदवीचा शब्दच सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच निम्म्यांच्या बाबतीत खोटा ठरत होता. पैसा कुठे जात होता, तेही अर्थतज्ज्ञ क्रेग गार्थवेट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं. फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणारी, बहुतेक कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांतली मुलं कमवत होती, आणि तो पैसा कोचांच्या पगारात आणि सुखवस्तू घरांतली मुलं खेळतात अशा इतर खेळांत वाटला जात होता.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर, जाहिराती वगैरे करून, पैसे कमावता येतात. खेळाडूंनी केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आईबापांच्या सहीचा तो जुना कागद ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला होता. आता टेबलावर करारनामा येतो. किती वर्षांचा, दुखापत झाली तर काय, कॉलेज बदललं तर पैसे परत द्यायचे का, अशी कलमं त्यात असतात. ज्या घरात वकील आहे तिथे ती संध्याकाळी वाचली जातात. ज्या घरात आई दोन पाळ्या करून येते, तिथे तीच कलमं कोच समजावून सांगतो.