आर्किटेक्चर म्हणजे सिव्हिलच ना?

इंदूरात आमच्याकडे कोणीही आलं की हा प्रश्न ठरलेला. मी आता चौथ्या वर्षाला, इंटर्नशिप सुरू झाली तरी आत्या परवा म्हणालीच, "बिल्डिंगच बांधणार ना गं, मग इंजिनिअरच की!" म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

उदाहरण आपल्याच गावात आहे. आर्किटेक्चरचा जगभरात मानाचा आगाखान पुरस्कार इंदूरला दोनदा मिळाला. १९९५ ला अरण्य वसाहतीला, बाळकृष्ण दोशींचं काम. लोकांना प्लॉट, जोतं आणि संडास-मोरी तयार करून द्यायची, पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं, मग ओटा कुठे, जिना कुठून, गल्ली किती रुंद म्हणजे बायकांना दारात बसून भाजी निवडता येईल, असला सगळा विचार. हे आर्किटेक्टचं डोकं. १९९८ चा पुरस्कार हिमांशु पारीख यांच्या कामाला, ते सिव्हिल इंजिनिअर. झोपडपट्ट्या बहुतेक नाल्यांच्या काठी, म्हणजे शहराचं पाणी तसंही तिकडेच उतरतं, मग ड्रेनेजच्या लाइनी त्याच उताराने तिथूनच नेल्या. पाणी कुठून कुठे जाईल हा इंजिनिअरचा प्रश्न. (इंजिनिअरच्या कामाला आर्किटेक्चरचा पुरस्कार, म्हणजे आत्या अगदीच चुकीची नाही हं.)

अ‍ॅडमिशनचं मात्र नीट बघा. सिव्हिलला जेईईचा पहिला पेपर, डिग्री चार वर्षांची. आर्किटेक्चरला पाच वर्षं, आणि नाटा (फक्त आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईईचा बी.आर्कवाला पेपर, त्यात ड्रॉइंगसुद्धा असतं. भोपाळच्या मॅनिट (तिथलं एनआयटी) आणि एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) या सरकारी कॉलेजांना हा जेईईवालाच लागतो, नाटा चालत नाही. फॉर्म भरताना तो वेगळा निवडावा लागतो, घाईत राहून गेला की संपलं.

इंटर्नशिपमध्ये तर फरक उघडाच पडतो. माझा सिव्हिलवाला मित्र स्लॅब भरायच्या आधी सळ्या मोजतोय, शटरिंग तपासतोय, आणि मी पहिला आख्खा आठवडा एका जुन्या वाड्यात टेपचं टोक धरून उभी, मग रात्री तेच सगळं ऑटोकॅडमध्ये. आमच्याकडे ही ट्रेनिंग कोर्सचाच भाग असते, किमान एक सेमिस्टर, हौसेची नाही. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही, म्हणून ऑफिस कितीही चकाचक असो, जॉइन व्हायच्या आधी सरांचा नोंदणी नंबर विचारून घ्या, लाजू नका.