डॅशबोर्डवरचा गोल बाणातला ‘ए’: रंग बघा, मग ठरवा

स्टार्ट-स्टॉप यंत्रणा असलेली गाडी सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद होतं आणि क्लच दाबला की पुन्हा सुरू होतं. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम ब्रेक करतो. गोल बाण आणि आत ‘ए’ हे त्या यंत्रणेचं चिन्ह. काही गाड्यांत ते थोडं वेगळं असतं, तेव्हा एकदा गाडीचं मॅन्युअल चाळा.

हिरवा ‘ए’: इंजिन यंत्रणेनेच बंद केलंय, गाडी बंद पडलेली नाही. इग्निशन मात्र चालूच आहे. तसंच उतरून दुकानात गेलात तर बॅटरी उतरेल. या अवस्थेत सीटबेल्ट काढला किंवा दार उघडलं, तर बऱ्याच गाड्या नुसत्या क्लचवर सुरू होत नाहीत. चावी किंवा बटणच वापरावं लागतं.

पिवळा ‘ए’, त्यावर आडवी रेघ किंवा ‘ऑफ’: आधी स्टार्ट-स्टॉप बंद करायचं बटण बघा, चुकून दाबलं गेलेलं असतं. बटण ठीक असेल तर गाडी स्वतःच नको म्हणतेय. इंजिन गार आहे, भर उन्हात एसी जोरात चालू आहे, पावसाळ्यात समोरच्या काचेवरची वाफ काढायला हवा सोडली आहे, डिझेल गाडीत धुराच्या फिल्टरची आपोआप होणारी सफाई चालू आहे: यातलं काहीही पुरतं. हा बिघाड नाही. पिवळा दिवा सर्व्हिसिंगनंतर लगेच दिसायला लागला असेल तर बॉनेट बघा. ते पहिल्या खटक्यावरच अडकलं असेल तर लॅचमधला स्विच ‘उघडं’ असंच कळवत राहतो.

पण अर्धा-पाऊण तास चालवूनही, एसी बंद ठेवूनही, आठवडाभर सिग्नलला इंजिन एकदाही बंद झालं नाही, तर संशय बॅटरीवर घ्या. सेल्फ मारायला ती अजून पुरेशी असते, म्हणून लक्षात येत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर हवेत. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून लोड टेस्ट (ताण देऊन तपासणी) करून घ्या.

बदलताना स्वस्तातली साधी बॅटरी टाकू नका. या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणाऱ्या खास प्रकारची बॅटरी लागते, कारण शहरात दिवसाला कितीतरी वेळा सेल्फ लागतो. ईएफबीच्या जागी एजीएम सहसा चालते, एजीएमच्या जागी ईएफबी नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावीही लागते.

निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, बॅटरीत किती आलं, किती गेलं हे मोजणारा. डॅशकॅम किंवा अँप्लिफायरची अर्थ वायर थेट त्या टर्मिनलला जोडली, की तेवढा करंट हिशेबाबाहेर जातो. ती बॉडीला जोडा. जंप स्टार्टचा काळा चिमटाही बॉडीवरच्या अर्थ पॉइंटलाच.

इंजिन चालू असताना लाल बॅटरी दिवा: हा विषय वेगळा, चार्जिंगच होत नाहीये. इंजिनवरचा बेल्ट तुटला असेल आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल, तर इंजिन तापेल. तापमानाचा काटा वर जाताना दिसला की तिथेच थांबा आणि गॅरेजला फोन करा. काटा स्थिर असेल तर एसी, म्युझिक बंद करून, इंजिन बंद न करता जवळच्या गॅरेजला जा.

स्टार्ट-स्टॉपच्या तक्रारीसाठी आमच्या गॅरेजला येताना गाडी २०-२५ मिनिटं चालवून आणा. गार इंजिनवर आम्हालाही पिवळाच दिवा दिसणार.