पिवळा दिवा खरंच धुकं फाडतो का?

थंडी पडली की गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत पिवळे फॉगलॅम्प दर्शनी भागात येऊन बसतात. परवा एका दुकानदारानं मला समजावलं, "साहेब, पिवळा उजेड धुकं फाडून जातो. लाल-पिवळा प्रकाश कमी पसरतो, शाळेत नव्हतं का शिकवलं?" शिकवलं होतं, आणि तो धडा माझा आजही आवडता आहे. पण तो आकाशाबद्दल आहे, धुक्याबद्दल नाही.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये मांडलेला नियम तरंगलांबीहून कितीतरी लहान कणांना लागू पडतो, उदाहरणार्थ हवेच्या रेणूंना. तिथं विकिरण, म्हणजे प्रकाशाचं विखुरणं, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होतं. त्यामुळे निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या चौपटीहून जास्त विखुरतो आणि आकाश निळं दिसतं. धुक्याचा थेंब मात्र साधारण 10 ते 20 मायक्रोमीटरचा, आणि पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी जेमतेम 0.58 मायक्रोमीटर. म्हणजे थेंबच वीस-तीस पट मोठा. अशा कणांचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी 1908 मध्ये मांडलं. त्यानुसार एवढे मोठे थेंब निळा, पिवळा, लाल असा भेद जवळपास करतच नाहीत, सगळ्यांना सारखंच विखुरतात. याचा पुरावा डोळ्यांसमोरच असतो: धुकं पांढरं दिसतं.

फ्रान्समध्ये 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1993 पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. त्यातला निळा भाग गाळलेला असल्यानं काहींच्या डोळ्यांना तो उजेड कमी खुपतो. पण त्यानं धुकं भेदलं जात नाही.

फॉगलॅम्पचा उपयोग होतो तो त्याच्या जागेमुळे. तो बंपरमध्ये खाली असतो आणि त्याचा झोत रुंद, वरून सपाट कापलेला असतो. आपली नजर वरून जाते, उजेड खालून. हाय बीमचा झोत मात्र नेमका नजरेच्या वाटेवरचे थेंब उजळतो, आणि त्यांच्याकडून परत आलेला प्रकाश समोर पांढरी भिंत उभी करतो. दाट धुक्यात हाय बीम लावू नका म्हणतात ते यामुळे.

आता मला सर्वांत जास्त भावणारी गोष्ट. गेल्या डिसेंबरात पहाटे पाटसहून बारामतीकडे निघालो होतो. गळीत हंगाम जोरात, त्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागे भलेमोठे लाल रिफ्लेक्टर होते, ते अगदी जवळ गेल्यावर चमकले. दुसरीच्या मागे कुणीतरी सायकलचा लुकलुकणारा छोटा दिवा बांधला होता, तो कितीतरी आधी दिसला. असं का व्हावं?

दृश्यमानतेची हवामानशास्त्रीय व्याख्या अशी: ज्या अंतरावर प्रकाशझोतातला फक्त 5 टक्के प्रकाश उरतो ते अंतर. समजा ते 50 मीटर आहे. ट्रॉलीच्या स्वतःच्या दिव्याचा प्रकाश तेवढं अंतर एकदाच कापतो, म्हणजे 20 पैकी 1 हिस्सा आपल्यापर्यंत पोहोचतो. रिफ्लेक्टरला मात्र आपलाच उजेड लागतो. तो आधी तिथवर जाणार, तेव्हा 20 पैकी 1 उरणार, मग तेवढ्याच धुक्यातून परत येणार, म्हणजे त्याचाही विसावा हिस्सा. हाती येतो 400 पैकी 1! धुक्यातली घट वजाबाकीनं होत नाही, गुणाकारानं होते: अंतर दुप्पट झालं की उरलेल्या अंशाचा वर्ग करायचा. त्यात रिफ्लेक्टरचा हा क्षीण प्रकाश आपल्याच हेडलाइटनं उजळलेल्या पांढऱ्या पडद्यातून ओळखायचा असतो. निरभ्र रात्री रिफ्लेक्टर उत्तम काम देतो, तो हवाच. पण धुक्यात शेवटच्या ट्रॉलीला स्वतःचा पेटता लाल दिवा हवा. रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकलाही हेच लागू.

त्याच रस्त्यावर ओढ्यावरचा एक पूल आहे. तिथं 'चकवा लागतो' म्हणतात. थंडीत अपघात झाला की नारळ फुटतो, कठड्याला लिंबू बांधलं जातं. माणसं मरतात तिथं भुताचं नाव पुढं करणं मला सहन होत नाही, कारण चकव्याची वेळ आणि जागा दोन्ही आधी सांगता येतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता गमावते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, उतारावरून ओघळते आणि ओढ्याच्या खोलगटात साचते. तिथं पाण्याची, उसाच्या फडांची ओल असतेच. त्यामुळे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान, आधी तिथं गाठला जातो, आणि पहाटे वरचा माळ स्वच्छ असताना पुलावर दूध ओतल्यासारखं धुकं असतं.

माळावरून ताशी 80 किलोमीटरनं येणारा चालक सेकंदाला 22 मीटर कापतो. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या दीड सेकंदात 33 मीटर गेले, पुढे ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे 50. एकूण 80 मीटरच्या वर, आणि दिसतंय 50 मीटर. तोच ताशी 40 नं आला, तर साधारण 30 मीटरमध्ये थांबतो. हा वेग माळावरच कमी व्हायला हवा. त्यासाठी पुलाच्या दोनशे मीटर अलीकडे एक पाटी हवी: पुढे धुक्याची जागा, वेग 40.