मिनी की एसएफएफ? ‘छोटा पीसी’ मागण्याआधी

ऑफिससाठी ‘छोटा पीसी’ म्हणून कोटेशन मागवलं की मिनी आणि एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) या दोन निरनिराळ्या वस्तू एकाच यादीत येतात आणि मंडळी नुसती किंमत बघून बोट ठेवतात. मग सहा महिन्यांनी कुरकुर सुरू.

एसएफएफ सगळ्यांच्या बघण्यातला. बँकेच्या काउंटरवर मॉनिटरखाली आडवा पडलेला असतो तो. आत डेस्कटॉपचीच रॅम, डेस्कटॉपचाच प्रोसेसर, वीज पुरवणारा एसएमपीएसही आतच. त्यावर जास्त बोलत नाही.

मिनी म्हणजे साधारण एक लिटरचा डबा. डेलचा मायक्रो, लेनोवोचा टायनी, एचपीचा मिनी, सगळे त्याच मापाचे: १८ सेंटिमीटर लांब-रुंद, साडेतीन जाड. मॉनिटरच्या पाठीला अडकवता येतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

घोळ होतो तो अपग्रेडवरून. एक पक्ष म्हणतो, “मिनीत सगळं सोल्डर केलेलं, काही बदलत नाही.” दुसरा म्हणतो, “आत्ता मिनी घेऊ, पुढे ग्राफिक्स कार्ड टाकू.” दोघंही चूक. मिनीत आहे ते बदलता येतं, नवीन वाढवता येत नाही. उदाहरणार्थ, डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०६० मायक्रो घ्या. मागचा एकच स्क्रू सोडवून झाकण सरकवलं की अडीच इंची डिस्कची चौकट दिसते, ती उचलली की खाली एम-२ (पट्टीसारख्या) एसएसडीची जागा. रॅमच्या दोन खाचा. प्रोसेसरसुद्धा सॉकेटमध्ये. पाच मिनिटांत ८ जीबीचे १६ होतात. पण रॅम लॅपटॉपची लागते, २६० पिनांची. डेस्कटॉपची २८८ पिनांची पट्टी तिथे बसतच नाही. आणि प्रोसेसर बहुतेक वेळा ‘टी’वाला: आय५-८५००टी ३५ वॅटचा, एसएफएफमधला साधा आय५-८५०० ६५ वॅटचा. कोअर दोन्हीकडे सहाच, पण टी २.१ गिगाहर्ट्झवरून सुरू होतो, साधा ३ वरून. टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

ग्राफिक्स कार्डाचं मात्र मिनीत विसरा. खाच नाही आणि बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरच्या ६५-९० वॅटमध्ये त्याचं भागणारही नाही. (लेनोवोच्या एम७२०क्यूमध्ये रायझर (कार्ड जोडायची जादा पट्टी) लावून छोटं कार्ड बसवतात, तो हौशी लोकांचा उद्योग, ऑफिसचा नव्हे.) ऑटोकॅडवर ड्रॉइंग करणाऱ्यांनी सरळ एसएफएफ घ्यावा, तिथे क्वाड्रो पी६२० सारखं ४० वॅटचं लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड बसतं. साधं उंच कार्ड तिथेही नाही.

बाकी सगळ्यांना माझं मत: मिनीच. एसएफएफचा एसएमपीएस उडाला की कळतं, त्याचा आकार कंपनीचा स्वतःचा. कोपऱ्यावरच्या दुकानातला साध्या पीसीचा एटीएक्स एसएमपीएस त्यात मावत नाही. मिनीचा अ‍ॅडॉप्टर गेला तर नवा जोडला, काम सुरू.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कम्प्युटर बाजारातून वापरलेला घेणार असाल तर सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवाल्याला हो म्हणू नका, कितीही स्वस्त असो. विंडोज ११ ला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि अ‍ॅडॉप्टर त्याच कंपनीचा मागा. डेलला परका अ‍ॅडॉप्टर ओळखता आला नाही तर सुरू होताना तक्रार करतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतो. मग लोक उगाच रॅम वाढवत बसतात.