घरगुती घातक कचरा

घरात वापरून उरलेल्या, मुदत संपलेल्या किंवा निकामी झालेल्या ज्या वस्तूंत ज्वलनशील, संक्षारक (कातडी किंवा धातू खाणारी), विक्रियाशील (इतर द्रव्यांशी चटकन विक्रिया करणारी) वा विषारी द्रव्ये असतात, त्यांना घरगुती घातक कचरा म्हणतात. रंग, थिनर, कीटकनाशके, संडास साफ करण्याचे आम्ल, बॅटऱ्या, पाऱ्याचे तापमापक, ट्यूबलाइट, वापरलेले इंजिन ऑइल ही त्याची नेहमीची उदाहरणे. सुया व मुदतबाह्य औषधे काही वर्गीकरणांत जैववैद्यकीय कचऱ्यात मोडतात. पण घराबाहेर पडतात ती बहुधा या कचऱ्याच्याच पिशवीतून.

व्याख्येबाबत एकमत नाही. वरील चार गुणधर्मांची कसोटी मुख्यतः अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याखाली १९८० मध्ये झालेल्या नियमांमुळे रूढ झाली. ६०° से. पेक्षा कमी तापमानाला ज्या द्रवाची वाफ पेट घेते तो ज्वलनशील. ज्या पाणीदार द्रवाचा सामू (pH, आम्ल-अल्कलीचे माप) २ किंवा त्याहून कमी, अथवा १२.५ किंवा त्याहून जास्त असतो तो संक्षारक, असे आकडेही त्यात आहेत. मात्र त्याच नियमांनी घरातला कचरा ‘घातक’ या कायदेशीर वर्गातून वगळला. त्यामुळे थिनरचा डबा कारखान्यातून निघाला तर घातक ठरतो, घरातून निघाला तर नाही. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरील बासल या आंतरराष्ट्रीय करारानेही (१९८९; अंमल १९९२ पासून) घरांतून गोळा होणारा कचरा घातक यादीत न घालता ‘विशेष लक्ष देण्याजोगा’ म्हणून दुसऱ्या परिशिष्टात ठेवला. भारतातील २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा हा निराळा प्रकार मानला. कचरा कोठून आला यावर वर्ग ठरवणे प्रशासनाला सोपे जाते; तरी गुणधर्मावर भर देणारी बाजू अधिक सयुक्तिक वाटते, कारण डबा उचलणाऱ्याच्या हाताला आम्ल सारखेच भाजते.

पारा : तापाच्या काचेच्या तापमापकात साधारणतः अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो; सीएफएल दिव्यात काही मिलिग्रॅमच. तो खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होतो आणि ही वाफ श्वासावाटे रक्तात जाते. तापमापक फुटला की मुलांना व पाळीव प्राण्यांना खोलीबाहेर नेऊन खिडक्या उघडाव्यात. फरशीवरचे चकचकीत मणी दोन ताठ कागदांनी एकत्र लोटावेत, ड्रॉपरने उचलावेत आणि फटींतले बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत. टॉर्च जमिनीलगत तिरपी धरली की राहिलेले मणी चमकतात. झाडूने पारा फुटून आणखी पसरतो, व्हॅक्यूम क्लीनरने त्याची वाफ खोलीभर उडते. गोळा केलेले सर्व घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करावे. सांडलेल्या जागी गंधकाची पूड टाकण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत हटकून सापडतो. गंधकाशी संयोग होऊन मर्क्युरी सल्फाइड बनते हे खरे. पण साध्या तापमानाला ही विक्रिया मंद असते व बरीचशी पृष्ठभागावरच होते. म्हणून गंधकाला पूरक उपायच मानणे बरे. पारा उचलण्याचे काम त्याने टळत नाही. पाऱ्याच्या वापरावरील मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार (२०१३, अंमल २०१७ पासून) असे तापमापक बनवणे व त्यांची आयात-निर्यात करणे २०२० नंतर, काही सवलती सोडून, थांबवायचे होते. तरी कपाटांतले जुने तापमापक अजून कचऱ्यात यायचे आहेत.

एकत्र ओतणे : उरलेसुरले एका बाटलीत ओतून जागा वाचवण्याची सवय सर्वांत वाईट. सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये आम्लयुक्त क्लीनर मिसळला की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया मिसळला की क्लोरामाइने. बंद न्हाणीघरात दोन्ही जिवावर बेतू शकतात. प्रत्येक द्रव मूळ डब्यात, मूळ लेबलासह ठेवावे. शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच नाही, कारण लहान मूल ती सरळ तोंडाला लावते.

बॅटऱ्या : लिथियम बॅटरी चेपली किंवा तिची टोके धातूला टेकली की शॉर्ट सर्किट होऊन ती पेटू शकते, कचरागाडीतला दाब त्याला पुरतो. टोकांवर चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या द्याव्यात. बटन सेल मुलाने गिळल्यास विलंब करू नये : अन्ननलिकेत अडकलेल्या सेलच्या विद्युतप्रवाहाने तेथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या पॉलिशच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात. तेल सुकताना हवेतील ऑक्सिजन घेते व उष्णता सोडते, ती बोळ्यात कोंडते. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

विल्हेवाट : द्रवे मोरीत किंवा मातीत ओतू नयेत, ती संकलन केंद्राकडे द्यावीत. सुया जाड प्लॅस्टिकच्या, झाकण फिरवून बंद होणाऱ्या बाटलीत टाकून त्यावर ‘सुया’ असे लिहावे, कारण पातळ पिशवीतून सुई आरपार येते आणि कचरा उचलणाऱ्याला टोचते. औषधे परत घेण्याची सोय असेल तेथेच द्यावीत. स्प्रेचे डबे रिकामे वाटले तरी भोसकू नयेत. त्यांत दाबाखालचा ज्वलनशील वायू बहुधा शिल्लक असतो.