आयोडीन वाढवूनही न वाढणारा वेग

अभिक्रियाकारकांची संहती (म्हणजे द्रावणातील त्यांचे प्रमाण) वाढवली की अभिक्रियेचा दर वाढतो, हे आपण शाळेत शिकतो आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. मात्र कोणाच्या संहतीने तो वाढेल आणि किती, हे नुसते संतुलित समीकरण पाहून सांगता येत नाही. ॲसिटोन आणि आयोडीन यांची आम्लधर्मी द्रावणातील अभिक्रिया हे याचे माझ्या मते सर्वांत देखणे उदाहरण आहे.

समीकरणात दोघांचा एकेक रेणू दिसतो आणि आयोडोॲसिटोन व हायड्रोजन आयोडाइड तयार होतात. प्रयोगासाठी ॲसिटोन आणि आम्ल मुबलक घेऊन त्यात थोडेसे आयोडीन मिसळतात. ठरावीक मिनिटांनी पिपेटने थोडे मिश्रण काढून ते खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात सोडले की फसफसून आम्ल उदासीन होते, अभिक्रिया थांबते आणि उरलेले आयोडीन हायपोने (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने) मोजता येते. (आयोडोॲसिटोनची वाफ डोळ्यांत पाणी आणते, म्हणून हवा खेळती हवी.) या मोजमापांचा आलेख म्हणजे उतरती सरळ रेघ असते. आयोडीन निम्मे उरो की पाव, दर मिनिटाची घट तेवढीच राहते. ॲसिटोन दुप्पट घेतले तर मात्र उतार दुप्पट होतो. आम्ल दुप्पट केले तरीही होतो, आणि गंमत म्हणजे समीकरणात आम्ल खर्ची पडतच नाही. उलट हायड्रोजन आयोडाइडमुळे ते वाढत जाते, म्हणूनच ते सुरुवातीपासून भरपूर घ्यावे लागते.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ आर्थर लॅपवर्थ यांना १९०४ मध्ये ब्रोमीनच्या बाबतीत हेच आढळले. त्यांचा निष्कर्ष असा की, आम्लाच्या मदतीने ॲसिटोनचे आधी ईनॉल या रूपात (त्याच अणूंची थोडी वेगळी मांडणी) सावकाश रूपांतर होते आणि तयार झालेल्या ईनॉलवर हॅलोजन, म्हणजे ब्रोमीन किंवा आयोडीन, लगेच तुटून पडते. पोळ्या लाटणारा एकच असेल, तर वाढपी कितीही वाढवले तरी पंगत लवकर उठत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे समान परिस्थितीत आयोडीन आणि ब्रोमीन यांचा दरही जवळपास सारखाच येतो.

आयोडीन अतिशय विरळ झाले, तर मात्र ईनॉलला त्याची वाट पाहावी लागते, तयार ईनॉल पुन्हा ॲसिटोनकडे वळू लागते आणि मग दर आयोडीनच्या संहतीवरही अवलंबून राहतो.