होम स्क्रीन नेमकी कोणाची?

१९९८ साली नोकियाचा ५११० हा फोन आला. त्याचं पुढचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून त्याजागी लाल, हिरवं, पिवळं, हवं ते बसवता येत असे. आतला पडदा काळा-पांढरा, त्यावर जेमतेम पाच ओळी मावायच्या. मेनू कंपनीने दिला तसाच वापरायचा. तरीही लोकांनी हौसेने कव्हरं विकत घेतली आणि बदलली. आज थीम (पडद्याचं रंगरूप), आयकॉन पॅक (आयकॉनच्या चित्रांचा संच) आणि विजेट (पडद्यावर घड्याळ, हवामान वगैरे दाखवणारी चौकट) यांवरून लोक इतक्या हिरिरीने का बोलतात, हे समजून घ्यायचं तर या प्लॅस्टिकच्या तुकड्यापासून सुरुवात करावी लागते. फोन दिवसभर हातात असतो, रात्री उशाशी असतो. इतक्या जवळची वस्तू आपल्या मनासारखी असावी असं वाटणारच.

कव्हरानंतर आली रिंगटोन. काही फोनमध्ये बटणं दाबून स्वर लिहायची सोय होती. लोक बटणांचा क्रम कागदावर उतरवून घेत आणि एकमेकांना देत. पडद्यावर मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव जिथे दिसतं, तिथेही एसएमएसने मागवलेली छोटी चित्रं बसू लागली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. त्या जागेवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव होतं आणि फोन वापरणाऱ्याने ते पुसून तिथे स्वतःच्या आवडीचं काहीतरी ठेवलं. पुढच्या पंचवीस वर्षांतली सगळी ओढाताण याच जागेसाठी चालली आहे. पडदा फोन बनवणाऱ्याचा, सेवा देणाऱ्याचा, आतली प्रणाली लिहिणाऱ्याचा, की पैसे मोजून तो विकत घेणाऱ्याचा?

दुसरीकडे कॉम्प्युटरची परंपरा होती. झेरॉक्सच्या स्टार या यंत्राने १९८१ साली आयकॉन आणि कागदपत्रांचं टेबल ही कल्पना बाजारात आणली. १९९६च्या पाम पायलटने तेच आयकॉन तळहातावर आणले आणि ओळीने मांडले. मायक्रोसॉफ्टने मात्र कॉम्प्युटरचं स्टार्ट बटण जवळजवळ जसंच्या तसं छोट्या पडद्यावर बसवलं. त्यावर बोट चालत नसे, स्टायलस नावाच्या छोट्या काडीच्या टोकाने नेमकं टिपावं लागे. या अवघडलेल्या फोनांमुळेच हौशी कारागिरांची पहिली मोठी फळी उभी राहिली. एक्सडीए डेव्हलपर्स हा गट २००३ साली सुरू झाला. त्याचं नावच मुळी ओटू या मोबाइल सेवा कंपनीच्या एक्सडीए या फोनवरून पडलं. ही मंडळी फोनची आतली प्रणाली उलगडत, नको ते काढून टाकत, हवं ते घालत आणि पुन्हा फोनमध्ये भरत. अशी फोनमध्ये भरायची प्रणाली म्हणजे रॉम, आणि त्यांच्या बोलीत याला रॉम ‘शिजवणं’ म्हणत. हा शब्द मला अगदी चपखल वाटतो, कारण बाहेरून आलेलं ताट पसंत नसेल तर माणूस स्वतः चुलीपाशी जातो.

२९ जून २००७ रोजी आयफोन विक्रीला आला. बोटाने चालणारा इतका सफाईदार पडदा तोवर लोकांच्या हाती पडला नव्हता. त्यात काय नव्हतं, याची यादीही तेवढीच महत्त्वाची आहे. बाहेरचं एकही अ‍ॅप टाकता येत नसे. कॉपी-पेस्ट नव्हतं. होम स्क्रीनची पार्श्वभूमी काळी, आवडता फोटो फक्त लॉक स्क्रीनवर. आयकॉन हलवण्याची सोयसुद्धा २००८च्या जानेवारीत आली. अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० अ‍ॅप घेऊन उघडलं. कॉपी-पेस्टला २००९चा जून उजाडला आणि होम स्क्रीनमागे स्वतःचा फोटो लावायला २०१० साल.

लोक एवढे थांबायला तयार नव्हते. फोन आल्यावर थोड्याच दिवसांत त्याची कुलपं तोडण्याचा मार्ग निघाला. जेलब्रेक. २००८ साली जे फ्रीमन या प्रोग्रामरने सिडिया आणलं आणि कुलूप तोडलेल्या फोनांसाठी जणू एक समांतर बाजार उभा राहिला. विंटरबोर्डने थीम बदलता येत होत्या. एसबीसेटिंग्जमुळे एका हालचालीत वायफाय-ब्लूटूथची बटणं समोर येत. अ‍ॅपलने कंट्रोल सेंटर दिलं ते २०१३ साली. सायकॉर्डरने २००८मध्येच आयफोनवर व्हिडिओ टिपता येत होता, कंपनीकडून ती सोय पुढच्या वर्षी आयफोन थ्रीजीएसमध्ये आली. अमेरिकेत जुलै २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने जेलब्रेकला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. म्हणजे आपल्या फोनचं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे का, इथवर ही गोष्ट जाऊन पोचली होती.

अँड्रॉइडची घडण मुळातूनच वेगळी होती, आणि इथे थोडं थांबायला हवं. गुगलने २००५ साली अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली आणि त्या प्रणालीवरचा पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, २००८च्या ऑक्टोबरात विक्रीला आला. त्याच्या रचनेतला एक निर्णय वरवर तांत्रिक, पण परिणामाने फार मोठा होता. अँड्रॉइडमध्ये होम स्क्रीन हेही एक साधं अ‍ॅपच आहे. होमचं बटण दाबलं की प्रणाली विचारते, ही हाक कोण घेणार? जे अ‍ॅप ‘मी घेतो’ म्हणतं ते उघडतं. त्यामुळे कॅमेऱ्याचं किंवा गाण्यांचं अ‍ॅप बदलावं तितक्या सहज अख्खी होम स्क्रीन बदलता येते. लाँचर, म्हणजे अख्खी होम स्क्रीन बदलून देणारी जात, जन्माला आली ती यातून. एडीडब्ल्यू, गो लाँचर, २०११ पासून नोव्हा. कुलूप तोडायची गरजच नव्हती, कारण त्या दाराला कुलूपच बसवलेलं नव्हतं. २००९च्या एप्रिलमधल्या कपकेक आवृत्तीने बाहेरच्या अ‍ॅपना विजेट ठेवायची मुभाही दिली. ‘अँड्रॉइड म्हणजे मोकळीक’ हे मत आजही ऐकू येतं, त्याचा पाया हा आहे.

पण त्या मोकळ्या दारातून आधी आत शिरल्या त्या कंपन्या. सगळ्यांकडे तीच प्रणाली, मग आपला फोन वेगळा कसा दिसणार? एचटीसीने २००९मध्ये हिरो या फोनवर अँड्रॉइडवर सेन्स हा स्वतःच्या रूपाचा थर चढवला. त्यावरचं पानं उलटणारं मोठं घड्याळ आणि खाली हवामान लोकांना इतकं आवडलं की इतर कंपन्यांचे फोन असलेलेही तशी विजेट शोधू लागले. सॅमसंगचं टचविझ आलं. त्यावरच्या तक्रारी वेगळ्या होत्या: जड आहे, अडखळतं, एकाच कामाची दोन-दोन अ‍ॅप आहेत. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की प्रत्येक कंपनीला आपला थर तिच्यावर पुन्हा बेतावा लागे, तेवढ्यात कित्येक महिने निघून जात. ‘स्टॉक अँड्रॉइड’, म्हणजे असा थर न चढवलेलं अँड्रॉइड, हा शब्द कौतुकाने उच्चारला जाऊ लागला तो याच काळात. अपडेटचं हे रखडणं कमी व्हावं म्हणून गुगलने २०१७ साली ट्रेबल प्रकल्पातून प्रणालीचा गाभा आणि हार्डवेअरसाठी लिहिलेला भाग वेगळे केले.

वापरणाऱ्यांनी आपली वाट शोधली होतीच. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ साली सायनोजेनमॉड हे अँड्रॉइडचं रॉम सुरू केलं. कंपनीने अपडेट द्यायचं थांबवलेले फोन त्यावर पुन्हा चालू लागले. त्याच वर्षी गुगलने आपली अ‍ॅप त्यातून वाटू नका अशी नोटीस पाठवली. तेव्हा ती अ‍ॅप वगळून काम पुढे चाललं. २०१६च्या शेवटी मागची कंपनी बंद पडली, पण तो धागा लिनिएजओएस या नावाने अजून चालू आहे. शाओमी कंपनीच्या मीयूआय या रॉमची कथा आणखी वेगळी. शाओमीने आधी फोन बनवलाच नाही. २०१० साली तिने दुसऱ्यांच्या फोनवर टाकायचं रॉम दिलं, त्यावरची मतं गोळा केली, दर आठवड्याला सुधारणा केल्या आणि मग एका वर्षाने स्वतःचा फोन आणला. वापरणाऱ्यांच्या सूचनांवर वाढलेल्या त्याच मीयूआयमध्ये पुढे सेटिंग आणि फाइल यांसारख्या अ‍ॅपमध्ये जाहिराती दिसू लागल्या. लोकांचा संताप झाला. ज्यांनी ते घडवायला हातभार लावला होता त्यांना ते जास्तच लागलं असणार.

जाहिरातींइतकीच जुनी तक्रार आहे आधीपासून भरून दिलेल्या अ‍ॅपची. ब्लोटवेअर. फोनवर नफा कमी, म्हणून कंपन्या पैसे घेऊन दुसऱ्यांची अ‍ॅप भरतात. ती प्रणालीच्या अशा भागात बसवलेली असतात की वापरणाऱ्याला पुसता येत नाहीत. अँड्रॉइड ४.० पासून निदान ‘डिसेबल’ करता येऊ लागली. अ‍ॅपलने आपली स्वतःची अ‍ॅप काढू दिली ती २०१६ साली, आयफोनच्या आयओएस प्रणालीच्या १०व्या आवृत्तीत. शेवटी हा प्रश्न कायद्याच्या दारात गेला. युरोपीय आयोगाने २०१८ साली गुगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. त्यातला एक मुद्दा सर्च आणि क्रोम ही अ‍ॅप फोनमध्ये भरायला लावण्याचा होता. २०२२ मध्ये न्यायालयाने दंड ४१२.५ कोटींवर आणला, पण आयोगाचं म्हणणं बहुतांशी मान्य केलं. मार्च २०२४ पासून युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना भरून दिलेली अ‍ॅप काढण्याची आणि डिफॉल्ट बदलण्याची सोय द्यावी लागते.

रूपाबद्दलची भांडणं वेगळ्याच वळणाने गेली. मायक्रोसॉफ्टने २०१०मध्ये विंडोज फोनवर आयकॉनऐवजी हलत्या माहितीच्या टाइल्स आणि मोठी ठळक अक्षरं आणली. माझ्या मते तो त्या दशकातला सर्वांत धाडसी पडदा होता. पण पुरेशी अ‍ॅप आली नाहीत आणि तो संपला. अ‍ॅपलने २०१३च्या आयओएस ७ मध्ये चामड्याच्या वह्या आणि लाकडी कपाटं काढून टाकली. सगळं सपाट झालं, अक्षरं बारीक झाली. कित्येकांना वाचायला त्रास होऊ लागला. अ‍ॅप उघडताना झूम होणाऱ्या पडद्याने काहींना अक्षरशः गरगरायला लागलं. साधारण महिन्याभराने आलेल्या ७.०.३ आवृत्तीत ‘रिड्यूस मोशन’ने ती झेपही थांबवता येऊ लागली. फोनचा पडदा हा डोळ्यांचा आणि शरीराचाही विषय आहे, हे त्या वेळी स्पष्टपणे पुढे आलं.

हातांचंही तसंच. २०१३ साली स्टीव्हन हूबर यांनी १,३३३ वेळा लोकांना फोन वापरताना पाहून नोंदी केल्या. त्यात पडद्याला बोट लावणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांचा फोन एका हातात होता, म्हणजे सगळं काम अंगठ्यावर. पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता, २०११च्या गॅलेक्सी नोटचा ५.३ इंच. पडदे वाढले, अंगठा तेवढाच राहिला. सॅमसंगने २०१८ साली वन यूआय हे नवं रूप आणताना वरचा भाग पाहायला आणि खालचा बोटाला अशी विभागणी केली. त्याचं बहुतेकांनी स्वागत केलं. अ‍ॅपलने २०२१ मध्ये सफारी या ब्राउझरचा पत्त्याचा पट्टा खाली आणला तेव्हा मात्र चाचणीच्या काळातच नाराजी उसळली आणि तो वर ठेवण्याचा पर्याय द्यावा लागला. अंगठ्याच्या दृष्टीने तो खालीच बरा होता. पण वर्षानुवर्षं बोट न बघता जिथे जातं ती जागा एका रात्रीत हलवली की माणूस आपल्याच फोनमध्ये परका होतो. अपडेटनंतरच्या चिडचिडीला ‘लोकांना बदल नको असतो’ असं म्हणून जे झटकून टाकतात, त्यांना ही गोष्ट कळलेलीच नाही असं मला वाटतं.

गंमत अशी की आज दोन्ही बाजू एकमेकींच्या अंगणात आल्या आहेत. आयफोनच्या होम स्क्रीनवर विजेट आली २०२०च्या सप्टेंबरात, आयओएस १४ मध्ये. काही दिवसांतच विजेट घडवून देणारं विजेटस्मिथ हे अ‍ॅप यादीच्या शिखरावर गेलं. लोकांनी आयफोनमधलं शॉर्टकट्स हे अ‍ॅप वापरून आयकॉनही बदलले. त्या आयकॉनवर बोट ठेवलं की आधी शॉर्टकट्स उघडायचं आणि मग हवं ते अ‍ॅप, हा फेरा त्यांनी आनंदाने सोसला. बावीस वर्षांपूर्वीच्या कव्हराची हौस तीच होती. गुगलने २०२१ साली अँड्रॉइड १२ मध्ये वॉलपेपरमधले रंग उचलून अख्खा पडदा रंगवायला घेतला. २०२४च्या आयओएस १८ मध्ये आयकॉनमध्ये रिकामी जागा सोडता येऊ लागली, जे अँड्रॉइडवाले पहिल्यापासून करत होते. उलट अँड्रॉइडकडची खोलातली दारं बंद होत चालली आहेत. बँकेची अ‍ॅप रूट केलेला, म्हणजे प्रणालीचा पूर्ण ताबा घेतलेला, फोन ओळखून चालायचं नाकारतात, आणि काही कंपन्या बूटलोडर (फोन सुरू करणारा भाग, जो उघडल्याशिवाय दुसरी प्रणाली भरता येत नाही) उघडू देत नाहीत किंवा त्यासाठी अटी घालतात. सुरक्षेचं कारण खरं आहे. तरी रॉम शिजवणाऱ्यांची चूल विझत चालली आहे, याचं मला वाईट वाटतं.

२०२५च्या सप्टेंबरात आयओएस २६ बरोबर लिक्विड ग्लास हे काचेसारखं रूप आलं आणि मागचं दिसतं म्हणून पुढचं वाचता येत नाही, अशी तक्रार लगेच सुरू झाली. नोव्हेंबरातल्या २६.१ मध्ये काच गडद करण्याचा पर्याय आला. कॉपी-पेस्टसाठी दोन वर्षं लागली होती, त्या मानाने हे लवकर झालं.

माझ्या आईच्या फोनला मध्यंतरी असंच अपडेट आलं आणि कॉल घेण्याची रीत बदलली. पूर्वी सरकवायचं, आता दाबायचं. ती सवयीने सरकवत राहिली आणि दोन दिवस तिला कोणाचाच फोन घेता आला नाही. आपलंच काही चुकतंय असं तिला वाटत होतं. जुनी रीत परत आणायचा पर्याय निघाला, सेटिंगमध्ये पाच पानं आत.